ऑब्सिडियनमधले मराठी टॅग एआय एजंटकडून खोडून घेताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे आणि त्याच्या सगळ्या नोंदी ऑब्सिडियन या नोटा लिहायच्या ॲपमध्ये असतात. पार्टीशी झालेलं बोलणं, सुताचा भाव, डाईंगला गेलेला माल, जेकार्डच्या डिझाइनचे नमुने, परत आलेल्या गाठीची तक्रार, सगळं तिथेच. लिहिणारे तिघं. ऑफिसात मी, कारखान्यातून फोनवर मेव्हणा, आणि नवी पेठेतल्या दुकानात बसणारे दिवाणजी. प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा आणि टॅग, म्हणजे नोट पुन्हा सापडावी म्हणून हॅश (#) लावून लिहिलेला शब्द, टाकायची सवयही वेगळी. त्यामुळे एकाच मालाला #चादर, #चादरी, #सोलापुरी_चादर, #चादर/जेकार्ड, #चादर-जेकार्ड अशी पाच नावं पडली. टॅगची यादी उघडली की बोट खाली सरकवून दुखायचं, आणि हवा तो टॅग सापडायचाच नाही.

हे टॅग एकेक करून हाताने खोडणं म्हणजे यात्रेच्या आधी काम सुरू करून पाडव्याला संपवणं. म्हणून ते एआय एजंटकडून करून घ्यायचं. पण 'नको असलेले टॅग काढून टाक' एवढं सांगून मोकळं होण्यासारखं हे काम नाही, आणि टॅग मराठीत असतील तर मुळीच नाही. का, ते पुढे येईलच.

हत्यार कोणतं

ऑब्सिडियनची मोठी सोय ही की नोटा म्हणजे एका फोल्डरमधल्या साध्या मजकुराच्या मार्कडाउन फाइल्स. त्या फोल्डरला व्हॉल्ट म्हणतात. फाइल्स आपल्याच संगणकावर असल्यामुळे कुठलाही प्रोग्राम त्या वाचू-लिहू शकतो. क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय यांसारखे टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालणारे एजंट नेमकं हेच करतात. ज्या फोल्डरमध्ये सुरू करू त्यातल्या फाइल्स शोधतात, वाचतात, छोटी स्क्रिप्ट लिहून ती चालवतात, आणि बदल करण्याआधी आपल्याला विचारतात. मी क्लॉड कोड वापरतो, त्यामुळे पुढचं वर्णन त्याचं आहे. बाकीच्यांतही क्रम हाच राहील. सूचना मराठीत दिल्या तरी चालतात.

तुम्हाला फक्त दोन-चार टॅगची नावं बदलायची किंवा दोन टॅग एकत्र करायचे असतील तर एजंटच्या भानगडीत पडू नका. टॅग रँगलर नावाचं प्लगिन आहे. यादीतल्या टॅगवर राइट क्लिक करून नाव बदललं की सगळ्या नोटांत बदलतं. शेकड्याने टॅग काढायचे आहेत, काही विलीन करायचे आहेत आणि काहींचा नुसता हॅश काढायचा आहे, अशी खिचडी असेल तरच पुढे वाचा.

सुरू करण्याआधी

ऑब्सिडियन बंद करा. फोनवरचंही. सिंक थांबवा, मग ते ऑब्सिडियनचं स्वतःचं असो, गूगल ड्राइव्ह असो की आयक्लाउड. तिकडे कारखान्यात कोणी फोनवरून नोट लिहितंय आणि इकडे स्क्रिप्ट तीच फाइल बदलतेय असं झालं, की एकाच नोटेच्या दोन प्रती तयार होतात आणि कुठली खरी हे शोधण्यात संध्याकाळ जाते. रविवारी किंवा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी काम करा, आणि घरच्या सगळ्यांना निक्षून सांगा.

मग व्हॉल्टची पूर्ण प्रत करून सिंकच्या बाहेरच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा. काम त्या प्रतीवर करायचं, मूळ व्हॉल्टला हात लावायचा नाही. शेवटी सगळं तपासून झालं की बदललेल्या फाइल्स मूळ जागी न्यायच्या.

या प्रतीत गिट सुरू करा. गिट म्हणजे फाइल्सच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम (अशा एका नोंदीला कमिट म्हणतात), आणि इथे तो हवाच. एजंटला एवढंच सांगा:

'या फोल्डरमध्ये गिट सुरू कर. सगळ्या फाइल्स आहेत तशा पहिल्या कमिटमध्ये घे. एकाही फाइलमध्ये काही बदलू नकोस.'

क्लॉड कोडमध्ये मागे जाण्याची स्वतःची सोय आहे, मग गिट कशाला, असं वाटेल. ती सोय एजंटने स्वतः संपादन केलेल्या फाइल्सपुरती असते. त्याने टर्मिनलमधून चालवलेल्या स्क्रिप्टने जे बदललं ते तिच्या हिशेबात येत नाही, आणि आपण तर सगळं स्क्रिप्टनेच करून घेणार आहोत.

अजून एक गोष्ट. एजंट जी नोट वाचतो तिचा मजकूर मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. पार्टीचे बँक खाते क्रमांक, कामगारांच्या आधारच्या प्रती, घरातली भांडणं असलेली रोजनिशी हे फोल्डर प्रतीत घेऊच नका. 'हे फोल्डर वाचू नकोस' असं सेटिंगमध्ये लिहिता येतं, पण फाइल तिथे नसणं हा त्याहून पक्का बंदोबस्त आहे. त्या फोल्डरांतले टॅग स्क्रिप्ट तयार झाल्यावर एजंटशिवाय, नुसती स्क्रिप्ट चालवून काढता येतात.

पहिलं काम फक्त यादीचं

क्लॉड कोडमध्ये शिफ्ट आणि टॅब दाबत गेलं की प्लॅन मोड येतो. त्यात तो फाइल्स वाचतो आणि बेत सांगतो, पण काही बदलत नाही. सुरुवात तिथे करा. बेत पटला की बाहेर येऊन ही सूचना द्या:

'सगळ्या मार्कडाउन फाइल्समधल्या टॅगची यादी करणारी पायथन स्क्रिप्ट लिही. टॅग दोन ठिकाणी असतात. मजकुरात हॅशसकट, आणि फाइलच्या माथ्यावर तीन-तीन आडव्या रेघांच्या मधल्या भागात हॅशशिवाय. दोन्ही वेगवेगळे मोज. प्रत्येक टॅगसमोर मजकुरातली संख्या, माथ्यावरची संख्या आणि नमुन्याच्या तीन ओळी दे. कोड ब्लॉकमधले हॅश धरू नकोस. निकाल स्प्रेडशीटमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये लिही. नोटांत काही बदलू नकोस.'

माथ्यावरच्या टॅगचा उल्लेख सूचनेत हवाच. ऑब्सिडियनमध्ये २०२३ साली १.४ या आवृत्तीत प्रॉपर्टीजचा तक्ता आला, आणि तेव्हापासून बरेच टॅग नोटेच्या माथ्यावरच्या चौकटीत जातात. तिथे हॅश नसतो. नुसतं #चादर शोधलं तर ते सापडणारच नाहीत. मजकुरातले सगळे खोडून झाल्यावर टॅग यादीत तसाच दिसत राहिला तर कारण बहुधा हेच असतं. जुन्या नोटांच्या माथ्यावर 'टॅग' (tag) अशी एकवचनी ओळ असेल तर तीही बघून घ्या. १.९ या आवृत्तीपासून ऑब्सिडियन ती टॅग म्हणून ओळखत नाही, अनेकवचनी 'टॅग्ज'च (tags) लागतं.

'नमुन्याच्या तीन ओळी' मागायचं कारण वेगळं आहे. नुसत्या नावावरून टॅग ठेवायचा की काढायचा हे कळत नाही, ओळ वाचली की लगेच कळतं.

तीन रकाने

यादी आली की एजंट बाजूला ठेवायचा आणि आपण बसायचं. सोबत टॅग टाकणाऱ्या माणसालाही बसवा. प्रत्येक टॅगसमोर तीनपैकी एक निर्णय लिहायचा: खोडा, हॅश काढा, किंवा विलीन करा. काही लिहिलं नाही तर टॅग राहील.

'खोडा' आणि 'हॅश काढा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेव्हण्याची ही नोट बघा:

'आज #डाईंग वरून ४० किलो #सूत परत आलं, शेड चुकलीय.'

यातले दोन्ही टॅग खोडले तर उरतं, 'आज वरून ४० किलो परत आलं, शेड चुकलीय.' कुठून आलं, काय आलं? टॅग वाक्याच्या पोटात असेल तर तो शब्दही असतो. तिथे फक्त हॅश काढायचा. नोटेच्या शेवटी एका ओळीत माळेसारखे लावलेले टॅग मात्र खुशाल खोडा.

मराठीत हा प्रश्न जास्त भेडसावतो, कारण आपण टॅगलाही प्रत्यय लावतो. #पार्टीला कळवलं, #पार्टीने नाही म्हटलं, #पार्टीकडून चेक यायचाय. लिहिणाऱ्याच्या मनात टॅग एकच, ऑब्सिडियनच्या यादीत तीन. आमच्याकडच्या यादीचा मोठा हिस्सा असल्या विभक्तीच्या टॅगांनीच भरला होता. यांना सरसकट 'हॅश काढा'. त्या नोटेला पार्टी हा टॅग खरंच हवा असेल तर तो माथ्यावर घालायला सांगा, तिथे प्रत्यय लागायचा प्रश्न नाही.

अंडरस्कोअर असलेल्या टॅगचा हॅश काढताना अंडरस्कोअरच्या जागी मोकळी जागा यायला हवी, हेही सांगून ठेवा. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे पार्टीला पाठवायच्या मजकुरात आम्ही ते नाव मुद्दाम लिहितो. अशा मजकुरात 'सोलापुरी_चादर' असं राहून गेलं तर वाचणाऱ्याला वाटायचं, फाइलचं नाव चिकटलंय.

विलीन करताना तिरक्या रेघेच्या टॅगकडे लक्ष द्या. #चादर/जेकार्ड हा #चादरच्या पोटातला टॅग आहे. #चादर खोडला आणि #चादर/जेकार्ड ठेवला, तर यादीत चादर हे नाव दिसतच राहणार, कारण पोटातल्याला आई लागते. दोन्हींचा निर्णय एकदमच करा. आणि दरवर्षी लागणारे टॅग घाईने खोडू नका. #गड्डा आमच्याकडे अकरा महिने नुसता पडून असतो, पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजेच गड्ड्याच्या वेळी गेल्या वर्षी कुठला साइज जास्त खपला हे त्यावरूनच सापडतं.

मात्रेपाशी तुटणारा शब्द

आता या लेखाचं खरं कारण. एजंटला खोडायची स्क्रिप्ट लिहायला सांगितली की तो बहुधा पायथनमध्ये लिहितो. शब्द कुठे संपतो हे ओळखायला प्रोग्रामर मंडळींची एक ठरलेली खूण असते, बॅकस्लॅश बी. तिचा अर्थ 'इथे शब्दाची हद्द'. इंग्रजीत ती चोख चालते. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या सोयीत) मराठीसाठी ती धोक्याची आहे, कारण तिथे काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही शब्दातली अक्षरंच मानली जात नाहीत. क, ख, ग ही अक्षरं. मात्रा मात्र शब्दाबाहेरच्या.

याचा परिणाम कागदावर मांडून बघा. स्क्रिप्टला #चादर खोडायचा आहे. ती #चादरी या टॅगपाशी येते. 'र'नंतर वेलांटी आहे, वेलांटी म्हणजे तिच्या लेखी अक्षर नाही, म्हणजे शब्द संपला. ती #चादर उडवते आणि मागे नुसती वेलांटी ठेवते. पडद्यावर ती ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते. #चादर/जेकार्ड असेल तर मागे '/जेकार्ड' उरतं.

उलटा कारभारही होतो. #चादरी खोडायला सांगितलं, तर टॅगचा शेवट वेलांटीने होतो आणि पुढे मोकळी जागा आहे. वेलांटीही अक्षर नाही, मोकळी जागाही नाही, मग हद्द कुठली? स्क्रिप्ट तो टॅग सोडून देते. पण #चादरीचा आला, की वेलांटीपुढे 'च' हे अक्षर आहे, म्हणून तिथे हद्द सापडते आणि नको तिथे टॅग खोडला जातो. म्हणजे जो काढायचा तो राहतो आणि जो राहायचा तो जातो. टॅगची यादी करताना 'हॅश आणि पुढची अक्षरं' अशी खूण (अक्षरासाठी बॅकस्लॅश डब्ल्यू) वापरली तर #चादर हा #च म्हणून मोजला जातो, कारण कान्यापाशी गाडी थांबते. यादीत #च, #ट, #प असे एकाक्षरी टॅग दिसले तर समजा की यादीची स्क्रिप्टच चुकलेली आहे.

गंमत म्हणजे एजंट फाइल्स शोधायला जे रिपग्रेप वापरतो त्याला मराठी मात्रा नीट कळतात. त्यामुळे शोध बरोबर येतो, संख्या बरोबर दिसते, आपला विश्वास बसतो, आणि गडबड खोडताना होते.

उपाय सोपा आहे. हद्दीची ती तयार खूण वापरूच द्यायची नाही, हद्द आपण सांगायची. माझी सूचना अशी असते:

'खोडण्याची स्क्रिप्ट लिही. शब्दाची हद्द ओळखायला बॅकस्लॅश बी किंवा बॅकस्लॅश डब्ल्यू वापरू नकोस. टॅग तेव्हाच धर, जेव्हा हॅशच्या आधी ओळीची सुरुवात किंवा मोकळी जागा आहे, आणि टॅगच्या शेवटच्या चिन्हानंतर देवनागरी पट्ट्यातलं कोणतंही चिन्ह, इतर लिपीतलं अक्षर, आकडा, अंडरस्कोअर, आडवी रेघ, तिरकी रेघ किंवा अदृश्य जोडचिन्ह यांपैकी काहीही नाही. देवनागरी पट्टा म्हणजे युनिकोड ०९०० पासून ०९७एफ पर्यंत.'

'हॅशच्या आधी मोकळी जागा' ही अट बाकीच्याही बऱ्याच गोष्टी वाचवते. वेबपत्त्याच्या मधला हॅश वाचतो, दुसऱ्या नोटेतल्या शीर्षकाकडे नेणारी लिंक वाचते. नोटेतलं शीर्षक हॅश आणि त्यानंतर मोकळी जागा असं असतं, त्यामुळे ते टॅगच्या फेऱ्यात येत नाही. आमच्यासारख्या कापडवाल्यांना आणखी एक बघावं लागतं, रंगाचे कोड. हॅश आणि पुढे सहा आकडे-अक्षरं असा कोड डिझाइनच्या नोटेत असतो. त्यात रोमन अक्षर असलं की ऑब्सिडियन त्यालाही टॅग समजतं. यादीत हे कोड टॅग म्हणून दिसतील. त्यांना 'खोडा' लिहिलंत तर मरून रंगाची शेड कोणती होती हे डाईंगवाल्याला पुन्हा विचारत बसावं लागेल. त्यांना कोड ब्लॉकच्या खुणेत घालायला सांगा, म्हणजे कोड राहील आणि टॅगची यादी मोकळी होईल.

दिसायला एक, असायला दोन

यादीत #ॲडव्हान्स दोनदा दिसला, एकदा तीसच्या आसपास आणि एकदा शंभराच्या वर. दिवाणजींना विचारलं, 'अहो, तुम्ही काय वेगळं लिहिता?' ते म्हणाले, 'ॲडव्हान्सच लिहिलंय की ओ मालक, वाचा की!' आणि त्यांचं बरोबर होतं. डोळ्याला दोन्ही अक्षरशः सारखे.

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी आणि अजूनही बरेच कीबोर्ड ते 'अ' अधिक अर्धचंद्र असं जोडून लिहितात, कधी मध्ये एक अदृश्य जोडचिन्हही घालतात. आपल्याला एकच ॲ दिसतो, संगणकाला तीन वेगळे शब्द. 'व्यापाऱ्यांची' मधल्या ऱ्य चंही तसंच. कोणी त्यासाठीचा स्वतंत्र ऱ वापरतं, कोणी साधा र, पाय मोडल्याची खूण आणि जोडचिन्ह वापरून तोच आकार काढतं. फोनचा कीबोर्ड एक करतो, ऑफिसातला इनस्क्रिप्ट दुसरं.

म्हणून यादी वाचण्याआधी एक फेरी अशी मारा:

'डोळ्याला सारखे दिसणारे पण आतून वेगळे असलेले टॅग शोध. तुलनेपुरती अदृश्य जोडचिन्हं काढ, ॲ आणि ऱ यांची सगळी रूपं एकसारखी कर, युनिकोडचं एनएफसी रूप घे. जे गट जुळतील ते दाखव, प्रत्येकासमोर चिन्हांचे क्रमांक लिही. नोटांच्या मजकुरात काही बदलू नकोस.'

'मजकुरात बदलू नकोस' पुन्हा लिहायचं कारण, एजंट उत्साही असतो. जोडचिन्हं काढायला सांगितली की सगळ्या नोटांतली काढून मोकळा होईल, आणि मग शेकडो नोटांत बदल दिसायला लागतील ज्यांचा टॅगशी संबंध नाही. रोमन लिपीतल्या टॅगांची गोष्ट वेगळी. ऑब्सिडियन तिथे लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, स्क्रिप्ट करते. तिला तो न करायला सांगावं लागतं.

हाताने नाही, स्क्रिप्टने

प्रत्येक नोट एजंटने स्वतः उघडून संपादित करू नये, असं माझं ठाम मत आहे. एक तर वापराची मर्यादा भराभर संपते. दुसरं, मॉडेल वाचणारं असतं, त्यामुळे जाता जाता दिवाणजींचं शुद्धलेखन सुधारून ठेवायची शक्यता असते. 'गाठ नं १४ ची किणार फाटकी' हे वाक्य जसंच्या तसं राहिलं पाहिजे. स्क्रिप्टला मराठी कळत नाही, हा इथे तिचा गुण आहे. तिला जे सांगितलंय तेवढंच ती करते, आणि उद्या तीच पुन्हा चालवता येते.

स्क्रिप्ट लिहून घेताना आणखी काही अटी घाला. फाइल युटीएफ-८ म्हणून वाचायची आणि लिहायची, कारण विंडोजवर पायथन न सांगता दुसरीच अक्षरपद्धत धरू शकतो आणि मराठीचा चिवडा होतो. ओळ संपल्याची खूण आहे तशी ठेवायची. ती बदलली तर एक टॅग काढलेल्या फाइलची प्रत्येक ओळ बदललेली दिसते आणि तपासणं अशक्य होतं. फाइलची शेवटची बदलाची वेळ पूर्वीचीच ठेवायची. नोटा 'नुकत्याच बदललेल्या' या क्रमाने बघायची सवय असेल तर ही अट विसरू नका. माथ्यावरचा शेवटचा टॅग गेला तर 'टॅग्ज' ही ओळही काढायची. आणि निर्णय फक्त आपल्या तीन रकान्यांच्या फाइलवरून वाचायचे, स्वतःच्या मनाने एकही टॅग वाढवायचा नाही.

स्क्रिप्टला दोन चाली असू द्या. पहिली फक्त काय बदलेल ते छापणारी, दुसरी खरंच बदलणारी. पहिल्या चालीचा निकाल वाचून झाल्याशिवाय दुसरी नाही.

चाचणीचा फोल्डर

थेट सगळ्या व्हॉल्टवर जाऊ नका. दहा-बारा नोटांचा वेगळा फोल्डर करा आणि त्यात अवघड तेवढ्याच नोटा घाला. वाक्याच्या पोटातला टॅग असलेली, #चादर आणि #चादरी दोन्ही असलेली, रंगाचे कोड असलेली, वेबपत्ता असलेली, माथ्यावर एकच टॅग असलेली, टॅगला लागून स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असलेली, ऱ्य वाला टॅग असलेली. निकाल ऑब्सिडियनमध्ये न बघता आधी गिटमध्ये बघा. एजंटला 'शब्दवार फरक दाखव' सांगितलं की गेलेले शब्द लाल आणि आलेले हिरवे दिसतात. लाल रंगात टॅगखेरीज काही दिसलं की थांबा.

ही चाचणी पार पडली की सगळ्या प्रतीवर चालवा. त्यानंतर एजंटकडून तीन तपासण्या करून घ्या. यादीची स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, खोडलेल्या टॅगसमोर शून्य यायला हवं. जितके टॅग खोडायचे ठरले त्यांची मूळ संख्या आणि प्रत्यक्ष खोडलेली संख्या जुळायला हवी, कमी नको, जास्तही नको. तिसरी तपासणी खास मराठीची: मोकळ्या जागेनंतर किंवा ओळीच्या सुरुवातीला सुटी मात्रा आलीय का, ते सगळ्या फाइल्समध्ये शोधायचं. शब्दाची सुरुवात वेलांटीने होत नाही, त्यामुळे अशी एकही ओळ सापडली तर कुठलातरी टॅग अर्धवट कापला गेलाय. टायपिंगच्या चुकीने अशा काही ओळी आधीपासूनच असू शकतात, म्हणून हीच तपासणी पहिल्या कमिटवरही करून तुलना करा.

सगळं जुळलं की दुसरा कमिट. नाही जुळलं तर 'पहिल्या कमिटवर परत जा', आणि स्क्रिप्ट दुरुस्त करून पुन्हा. अर्ध्या खोडलेल्या नोटांवर दुरुस्तीची ठिगळं लावत बसू नका.

जिथे टॅग लपून बसतो

नोटा साफ झाल्या तरी टॅग इतरत्र असतो. सगळ्यात आधी टेम्प्लेटचा फोल्डर बघा. आमच्या 'नवी ऑर्डर' या टेम्प्लेटच्या माथ्यावरच तीन जुने टॅग होते. ते तसेच राहिले असते तर सोमवारी पहिल्या ऑर्डरबरोबर सगळे परत आले असते. डेटाव्ह्यू या नोटांतून तक्ते काढणाऱ्या प्लगिनच्या प्रश्नांत टॅगचं नाव लिहिलेलं असतं, आणि तो टॅग गेला की तक्ता रिकामा दिसतो, पण चूक म्हणून काही सांगत नाही. 'येणं बाकी' असा तक्ता रिकामा दिसला तर मालकाला आनंद होईल, पण पार्टीलाही. ऑब्सिडियनच्याच कॅनव्हासच्या (आकृत्यांच्या) आणि बेसेसच्या (तक्त्यांच्या) फाइल्स मार्कडाउन नसतात, त्या यादीच्या स्क्रिप्टमधून सुटतात. बुकमार्क केलेले शोध ऑब्सिडियनच्या लपलेल्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये असतात. एजंटला सांगून खोडलेल्या प्रत्येक नावाचा या सगळ्या जागी शोध घ्यायला लावा. पण बदल मात्र हाताने करा, कारण प्रश्न नीट लावायचा तर त्या जागी कुठला टॅग हवा हे तुम्हालाच माहीत.

मूळ जागी नेणं

प्रतीतल्या बदललेल्या फाइल्सच मूळ व्हॉल्टमध्ये न्या, सगळा फोल्डर उचलून टाकू नका. कुठल्या बदलल्या याची यादी गिटकडे आहेच. नेण्याआधी मूळ व्हॉल्टमधल्या त्या फाइल्स दरम्यान कोणी बदलल्या नाहीत ना, हे एजंटकडून पडताळून घ्या. निक्षून सांगूनही कोणीतरी फोनवर लिहिलेलं असतंच. मग ऑफिसच्या संगणकावर ऑब्सिडियन उघडा, टॅगची यादी बघा, आणि इथलं सिंक आधी सुरू करा. ते पूर्ण झाल्यावरच फोन चालू करा, एका वेळी एक. जुनी प्रत महिनाभर तरी ठेवा.

व्हॉल्टच्या फोल्डरमध्ये क्लॉडसाठी एक सूचनापत्र ठेवता येतं, जे तो दरवेळी काम सुरू करताना वाचतो. त्यात ठेवलेल्या टॅगची यादी, 'टॅगला प्रत्यय लावायचा नाही, टॅग माथ्यावरच लिहायचा' हा नियम, आणि बॅकस्लॅश बीची मनाई लिहून ठेवा. तिन्ही स्क्रिप्टही तिथेच एका फोल्डरमध्ये ठेवा. दर तिमाहीला जीएसटीची कागदं लावायला बसाल तेव्हा यादीची स्क्रिप्ट एकदा चालवायची. नवे टॅग पाच-दहा असतील, ते टॅग रँगलरने हातानेच निपटतात.